शून्य अंश

वुकाशिनने फळ्यावरचे समीकरण तळव्याने पुसले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडायला घेतले.

परीक्षेसाठी उचललेल्या चिठ्ठीतले गणित साधे दिसत होते. त्रिकोणाचा दुसरा कोन पहिल्यापेक्षा ऐंशी अंशांनी मोठा, तिसरा पहिल्यापेक्षा शंभर अंशांनी मोठा. तिन्ही कोन काढा. त्याने पहिल्याला क्ष मानले, तिघांची बेरीज एकशेऐंशी धरली, आणि दर वेळी क्षच्या जागी शून्यच येऊन बसले. शून्य अंशांचा कोन कुणी पाहिला होता? चूक आपलीच, एवढेच त्याला कळत होते. ती कुठे आहे ते कळत नव्हते.

ऑगस्टमधली फेरपरीक्षा. खिडकीतून कुणाच्या तरी अंगणात मिरच्या भाजल्याचा वास येत होता. या वर्गात तो एकदा नापास झालेला. पुन्हा झाला तर शाळेतून नावच कमी होणार होते. वडिलांनी दगडखाणीच्या मुकादमाकडे शब्द टाकून ठेवला होता.

टेबलामागे रादोयकाबाई आणि तरुण बोगोल्युबसर बसले होते. चिठ्ठ्या बाईंनीच लिहिलेल्या.

"बदलायची का चिठ्ठी?" बाईंनी विचारले.

चिठ्ठी एकदा बदलता येई, पण मग श्रेणी एकाने उतरे. पाचांपैकी दोन मिळाले की पास. दोनाच्या पुढे त्याची मजल कधी गेलीच नव्हती.

"नको, बाई."

आता करण्यासारखे काही उरले नव्हते. केवळ हात थांबू नये म्हणून त्याने लाकडी कोनमापक उचलला. पाया आखला, एका टोकाशी ऐंशी अंश, दुसऱ्या टोकाशी शंभर. दोन्ही रेषा एकाच बाजूला कलून वर निघाल्या. वर तरी त्या भेटतील म्हणून तो टाचा उंचावून त्यांना लांबवत राहिला. फळ्याची चौकट आली.

"त्रिकोण काढतोयस की आगगाडीचे रूळ?" सर म्हणाले.

वुकाशिन हसला नाही. दोन रेषांमधले अंतर त्याने खाली वितीने मोजले, मग वर मोजले. खडूने माखलेला हात तसाच फळ्यावर राहिला.

"भेटत नाहीत, सर," तो हळू म्हणाला. "कितीही वाढवल्या तरी. हा त्रिकोणच नाही."

बाईंनी चिठ्ठी मागून घेतली. मग शंभरातल्या शेवटच्या शून्यावर त्यांनी अंगठा ठेवला.

"दहा हवे होते," त्या म्हणाल्या.

जूनच्या परीक्षेत ही चिठ्ठी कुणाला आली होती, असे त्यांनी सरांना विचारले. गावरीलोला, सर म्हणाले. थोडा वेळ फळ्यापुढे उभा राहिला, मग मुकाट्याने बदलून घेतली. दुसऱ्या चिठ्ठीचे उत्तर दोनाच्या लायकीचे होते. पण बदलल्यामुळे एकच हाती पडला, आणि तो नापास झाला.

"पास आहेस," बाई वुकाशिनला म्हणाल्या. त्याने कोनमापक जागेवर ठेवला.

"गावरीलो तुझ्याच बाकावर बसायचा ना? कुठे असतो हल्ली?"

"जूनचा निकाल लागताच ऑस्ट्रियात गेला, बाई, ग्रात्सला. काकाकडे. फरशा बसवतो."

बाईंनी मान हलवली. पुढच्या मुलीला आत बोलवू का, असे सरांनी विचारले.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या, आणि टेबलावर पालथ्या पडलेल्या बाकीच्या चिठ्ठ्या एकेक करून उलटू लागल्या.