दुधाच्या दाढेचा फोटो

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, तुम्ही एका लहानशा खोलीत उंच खुर्चीवर बसला आहात. अंगावर जड एप्रन आहे, आत शिसं भरलेला. गालाजवळ यंत्राचं जाड नळकांडं आणून ठेवलंय. तोंडात तुमचंच बोट. आणि जवळ उभी असलेली माणसं एकेक करून बाहेर निघून गेली आहेत. दुखणार काहीच नाही. फक्त हलायचं नाही आणि क्षणभर एकटं बसायचं. जमेल ना? तुम्हाला जमेल. कहकशांला जमत नव्हतं.

भूकंप झाला तेव्हा ती चार वर्षांची होती. त्या पहाटे म्हैस दाव्याला हिसके देऊ लागली म्हणून तिची आई वहिदा उठून अंगणात आली, आणि पाठीमागं घर खाली बसलं. ढिगाखालून पोरीचा आवाज येत होता. वहिदा हातांनी दगड उपसत होती, पण ते दगड तिच्या हातांनी हलणारे नव्हते. "मैं इधरीच हूं, बेटा," एवढंच ती त्या ढिगाला सांगत राहिली. दुपारी जवान आले, तेव्हा कुठं पोर बाहेर निघाली. पुढं बिऱ्हाड लातुरात आलं. बाप नासिर क्लासेसच्या पाट्या रंगवू लागला. पण भाड्याच्या त्या खोलीत दार म्हणून कुणी लावायचं नाही. न्हाणीलासुद्धा पडदाच. दार लोटलं की कहकशां थरथरायची.

आता ती आठ वर्षांची झाली होती आणि डावा गाल सुजून डोळ्याखालपर्यंत आला होता. नासिर नांदेडला, नव्या क्लासच्या पाट्या रंगवायला गेलेला. म्हणून वहिदा एकटीच तिला डॉक्टर शिवकन्याबाईंकडं घेऊन आली.

"दुधाची दाढ किडलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिच्या खाली पक्की दाढ तयार होतीय. पू तिथवर गेलाय का, ते वरून दिसत नाही. फोटो काढल्याशिवाय मी हात लावणार नाही. अंदाजानं काढायला गेले आणि खालच्या दाढेला धक्का लागला, तर ती जन्माची गेली."

त्यांनी पोरीला एक उघडलेली जुनी पुडी दाखवली, पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी. "ही बघ. आत फिल्म. तिच्या दोन्ही अंगाला काळा कागद, कारण उजेड लागला की ती वाया जाते. मागं हा शिशाचा पातळ पत्रा, पलीकडं जाणारे किरण अडवायला. पांढरी बाजू यंत्राकडं करायची. आणि बोटानं धरायची तूच."

"तुमी धरा की," कहकशां म्हणाली.

"मी रोज धरत बसले तर रोजच्या किरणांचा त्रास माझ्या बोटात साठत जाईल, बाळा. तुझा एकच फोटो. त्यानं तुला काही होत नाही." मग त्या वहिदाकडं वळल्या आणि हळूच विचारलं, "तुम्हाला दिवस गेलेत का?"

वहिदानं खाली बघत होकारार्थी मान हलवली. हे अजून तिनं नासिरलाही सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही आत थांबायचं नाही. भिंतीमागं उभं राहायचं. किरण उजेडासारखे सरळ जातात, विटांची जाड भिंत त्यांना पुरते. दारात मात्र यायचं नाही."

"दार उघडंच राहू द्या हो," वहिदा म्हणाली. डॉक्टरबाई ते अर्धं उघडं ठेवायला तयार झाल्या.

बाहेर बाकावर मुरुडच्या बसम्मा आजी कवळीसाठी बसल्या होत्या. एवढ्यात डोक्यावरच्या स्लॅबमधून धडाड धडाड आवाज आला. त्या दचकल्या.

"अगं बाई! वर काय बैल बांधलेत का?"

"क्लास हाय आजी," वहिदा म्हणाली. "एक बॅच सुटली की बाकडी सरकवत्यात. डाक्टर व्हायला निघालेली पोरं हायत."

"आताच डोक्यावर नाचायलेत, डाक्टर झाल्यावर काय करतील!"

डॉक्टरबाईंनी वर निरोप धाडला होता, की थोडा वेळ बाकडी हलवू नका. सरांचा उलटा निरोप आला: परीक्षा जवळ आलीय, बॅच थांबवता येत नाही.

आवाज थांबल्यावर डॉक्टरबाईंनी फिल्म बसवली, नळकांडं गालाशी आणलं, बाहेर आल्या आणि लांब वायरीचं बटण हातात घेतलं. वहिदा भिंतीला पाठ लावून उभी. "मैं इधरीच हूं, बेटा," ती म्हणाली, आणि तो ढिगारा तिला आठवला. हेच शब्द. आताही पोर आत, आपण बाहेर, आणि मधे भिंत.

बटण दाबायला आणि वर पुन्हा बाकडी सरकायला एकच गाठ पडली. स्लॅब घुमला. आत कहकशां "अम्मी!" म्हणून ओरडली आणि वहिदाला काही सुचलं नाही. ती दारात धावली. त्याच क्षणी यंत्र टर्रकन वाजलं.

"अहो बाई, मागं व्हा!" डॉक्टरबाई ओरडल्या. "पोटातल्या बाळाचा तरी विचार करा!"

मग स्वतःला सावरून त्या म्हणाल्या, "नळकांड्याचं तोंड तुमच्याकडं नव्हतं, बहुतेक काही नाही. पण पुन्हा असं करू नका."

वहिदा तिथंच खाली बसली. कहकशां मात्र ओरडायची थांबली होती. ती आईच्या पोटाकडं बघत होती.

फिल्म धुवायला डॉक्टरबाईंकडं एक डबा होता. दोन बाजूंना हात घालायला काळ्या बाह्या, वर लाल काच. "लाल उजेडानं ही फिल्म बिघडत नाही," असं सांगून त्यांनी कहकशांला काचेतून बघू दिलं. आत फिल्म आधी औषधाच्या पाण्यात बुडाली. जिथं किरण आरपार गेले होते तिथं हळूहळू काळं होत गेलं, दातांनी अडवलेली जागा पांढरी राहिली. मग ती साध्या पाण्यातून निघाली आणि फिक्सरमध्ये गेली, चित्र पक्कं व्हायला.

फिल्म बाहेर आली. एका दाढेच्या जागी दोन फिकट सावल्या, एकीवर एक चढलेल्या.

"हललीस ना, म्हणून," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यंत्राचा दोष नाही. आणखी एकदाच काढू. लेकरावर मी उगीच पुन्हा पुन्हा किरण सोडणार नाही. नाहीच जमलं तर..." उजेडात सुजलेला गाल तकतकत होता.

"डॉक्टरबाई," कहकशांनं विचारलं, "अम्मी दारात आली तर बाळाला लागतं?"

"लागू नये म्हणून तर तिला भिंतीमागं उभं करते."

"आनि पुना आवाज झाला तर ती येनारच."

डॉक्टरबाईंनी वहिदाकडं पाहिलं. वहिदाला म्हणायचं होतं, न्हाई येणार गं. पण ते खोटं झालं असतं. आपले पाय आपलं ऐकणार नाहीत, हे तिला चार वर्षांपासून ठाऊक होतं.

पुन्हा एप्रन चढला. पुन्हा पुडी जिभेशेजारी गेली आणि कहकशांचं बोट तिच्यावर बसलं. नळकांडं गालाशी आलं. डॉक्टरबाई वायर घेऊन बाहेर आल्या. वहिदा भिंतीला टेकून उभी राहिली, दोन्ही हात पोटावर धरून. वर बाकडं सरकल्याचा पहिला आवाज आला, आणि तिचं पाऊल दाराकडं उचललं गेलंच.

खोली इतकी लहान होती की खुर्चीवरून दारापर्यंत पाय पोचत होता. कहकशांनं मान जराही हलवली नाही, बोट जागचं सोडलं नाही. तिनं नुसता डावा पाय लांब केला आणि दार लोटून घेतलं.