तळ्यात पडलेला फोन

"टाका चुकला तर उसवायचा, रेहनुमा. वर दुसरा घालून झाकायचा नाही."

मी सात वर्षांची होते. आम्माच्या गुडघ्याला टेकून पहिली कांथा शिवत होते. विरलेल्या साड्यांचे तीन थर, त्यांवर लाल दोऱ्याचा मासा. तो आवाज अजून कानात आहे.

आज तीच आम्मा जशोरच्या ठाण्यात माझ्या शेजारी ओठ शिवून बसली होती.

दलाल शाहीनला कांथा देणं बंद करून मी स्वतःच फोनवरून विकू लागले, त्याला सात महिने झाले. त्यानं माझा चेहरा कुण्या उघड्या बाईच्या अंगावर चिकटवला. पहिले फोटो आम्माला धाडले, स्वतःच्याच नंबरावरून, इतका माज! मग गावभर. त्याच दिवशी आम्माचा फोन तळ्यात पडला. तेव्हापासून तिची पाठही धरली. तेल चोळून माझे हात दमले.

मी तक्रार दिली. इंटरनेटवरच्या गुन्ह्यांचा नवा कायदा फार कडक, असं टीव्हीवर रोज सांगत होते. माझा कागद टेबलावरून कपाटात, कपाटातून टेबलावर फिरला, चहाच्या डागांची नक्षी लेवून. शेवटी चिडून मी माझ्या फेसबुकच्या पानावर शाहीनचं नाव लिहिलं. त्यानं त्याच कायद्याखाली बदनामीची तक्रार केली, आणि दोन दिवसांत पोलीस माझ्या दारात! माझ्याकडे येताना लंगडणारा कायदा त्याच्यासाठी धावत सुटला.

"साहेब, कायदा एकच ना?" मी टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला विचारलं.

"एकच, आपा. तू लिहिलेलं त्याच्याकडे आहे. तुझ्याकडे काय आहे?"

"सगळ्या गावानं पाहिलंय."

"मग गाव पाठवू ढाक्याला तपासणीला?" बाजूचा हवालदार फिस्सकन हसला. साहेब पुढे म्हणाले, "गावातले फोटो याच्याकडून त्याच्याकडे गेलेले. पहिले कुणी धाडले, ते तुझ्या आम्माच्या फोनवरच दिसणार. तो आण. नाहीतर तुझी तक्रार आज बंद. त्याची चालू."

"तळं उपसू का?" मी ओरडले. "सात महिन्यांत एकदा तरी शाहीनचा फोन मागितलात? एकदा तरी?"

साहेबांनी शिक्का उचलला.

"थांबा, बाबा," आम्मा म्हणाली. तिची नखं पदराचा काठ उसवत होती. "फोन तळ्यात नाही. मी अंथरते त्या कांथेत आहे. थरांच्या मध्ये शिवलाय. सात महिने पाठीला रुततोय."

"आम्मा! का?"

ती माझ्याकडे बघेना. मग बघितलं.

"मला वाटलं, फोटोतली ती तूच आहेस."