उणे चाळीस

दुकानाला सुट्टी असली की शिंप्याच्या कापायच्या टेबलावर जपानी माहजाँगच्या सोंगट्या पडत. आज मात्र शिंप्याचं चित्त डावात नव्हतं. मोठ्या दुखण्यातून उठून वहिनी प्रथमच खेळायला आली होती. डावा हात अजून तिचं ऐकत नव्हता. सोंगट्या रचताना पुन्हापुन्हा सांडत होत्या. समोरच्या दुकानातली बटणवाली एरवी अशा वेळी गप्प बसणारी बाई नव्हे. आज तीही मुकाट. ते शिंप्याला जास्त टोचलं.

डाव संपला. शिंप्याचा जावई अडतीस हजार गुण, शिंपी एकोणतीस, बटणवाली तेवीस, वहिनी दहा.

शिंप्याने टेबलावर खडूने हिशेब मांडला, सगळा हजारांत. डाव सुरू होतो पंचवीस हजारांवर, पण शेवटी मोजायचं तीसपासून. प्रत्येकाचे हे पाच-पाच पहिल्याच्या खिशात. वर शेवटच्याने पहिल्याला आणखी वीस द्यायचे, तिसऱ्याने दुसऱ्याला दहा. पडलेल्याला वरून एक लाथ, असा हा प्रेमळ नियम. म्हणजे वहिनीचे तीसला वीस कमी, वर शेवटची म्हणून वीस. उणे चाळीस.

ते काही त्याला लिहवेना. वहिनीपुढे त्याने उणे वीसच लिहिलं आणि उरलेले वीस गुपचूप स्वतःच्या अंगावर घेतले. सगळ्यांची बेरीज शून्य यावी लागते. आली.

"भावोजी," वहिनी म्हणाली, "एकोणतीस हजारांवर दुसरा आलेला माणूस उणे अकरात कसा हो?"

"खडू घसरला असेल."

"खडू घसरला, की तुम्ही?"

जावई छताकडे बघू लागला. अठ्ठेचाळीस मिळालेल्या माणसाला छत फार आवडतं.

"आजारातून उठलात वहिनी, म्हणून म्हटलं..."

"हा खेळ तुम्हाला कोणी शिकवला? पहिल्याच डावात शेवटचे आलात तेव्हा मी एक तरी गुण सोडला होता? नवे नवरे होतात, बायकोसमोर तोंड पाडून बसलात." तिचा आवाज खाली आला. "सगळे मला जपतात. घरी कोणी भांडतसुद्धा नाही. इथेही पाहुणी म्हणूनच बसायचं असेल, तर पुढच्या वेळी मला बोलवू नका."

शिंप्याने आपल्यापुढचं उणे अकरा पुसून नऊ लिहिलं आणि खडू तिच्यापुढे धरला.

वहिनीने मुद्दाम डाव्या हाताने घेतला. वीस पुसायला वेळ लागला, चाळीस लिहायला त्याहून जास्त. चारचं पोट फुगलं, शून्य टेबलाच्या कडेपर्यंत पोचलं.

"अक्षर बघा ताईंचं," बटणवाली म्हणाली. "आणि सोंगट्या तरी किती सांडायच्या? पुढच्या वेळी परडी आणते."

वहिनी मनापासून हसली. "आण. तुझ्याच तोंडावर पालथी घालते."

संध्याकाळी जावई ओला फडका घेऊन टेबल पुसायला निघाला. शिंप्याने त्याचा हात धरला.

"ते राहू दे. पुढचा डाव तिथूनच मोजायचाय."

दुसऱ्या दिवशी त्याने चाळिसावर जाड कागद अंथरला आणि एका गिऱ्हाइकाचा कोट कापायला घेतला.