टॅपेटची जोडी

वेड हॉस्टेटलर शर्यतीचं इंजिन आणि टॅपेटचा कोरा खोका घेऊन माझ्या गॅरेजात आला. टॅपेट म्हणजे कॅम या फिरत्या दांड्यावर टेकून इंजिनाच्या झडपा उघडणारे छोटे दट्टे.

"लॉर्ना, डोळे झाकून बसव. शनिवारी शर्यत आहे."

"डोळे झाकून बसवलेस म्हणूनच मागचा कॅम गेला ना तुझा?"

खोक्यातले दोन टॅपेट मी तळाला तळ लावून धरले. आमच्या इंडियानात आधी ही परीक्षा, मग इंजिन. चांगल्या टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो, म्हणून जोडी डुगडुगते. तो फुगवटा नसेल, तर टॅपेट कॅमवर गोल फिरत नाही. एकाच जागी घासून कॅम खातो. ही जोडी चिकटवल्यासारखी उभी राहिली. दुसऱ्या जोडीचीही तीच गत.

"अगं, पण नवीन आहेत!"

"तेच तर दुखणं आहे. हल्ली खोका तेवढा छान बनवतात."

मी भंगारातल्या जुन्या इंजिनाचे टॅपेट काढले, तळाला घासून पुन्हा फुगवटा दिला आणि वेडच्या इंजिनातल्या नव्या कॅमवर बसवले. वेड तोंड वाकडं करून गेला.

रविवारी ट्रॉफी मिरवत आला.

"मग त्या नव्या टॅपेटचं काय करू?"

"कपाटात ट्रॉफीशेजारी मांड. तिथं त्यांना फिरावं लागत नाही."