पिशवीवाला पॉसम आणि गच्चीवरचे शेवाळ

रविवार, ७ जुलै २०२४, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. जुळलेले मुद्दे : शून्य.

माझी नात रेवा हिला शाळेत चिठ्ठीने दोन सजीव मिळाले होते : ऑस्ट्रेलियातील पिग्मी पॉसम, म्हणजे पोटाला पिशवी असलेला उंदराएवढा प्राणी, आणि हायोफिला हे भिंतीवरचे शेवाळ. दोघांतील एक साम्य सोमवारी वर्गासमोर प्रत्यक्ष दाखवायचे. तरच विज्ञान मंडळात प्रवेश.

चेन्नईत नुंगंबाक्कमला आमच्या घराच्या गच्चीवर एसीच्या गळत्या नळीखाली हे शेवाळ होते. नमुना अपुरा पडू नये म्हणून मी ते सगळेच खरवडून घेतले आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकवत असतानाच्या शिस्तीने तक्ता आखला. वजन, लांबी, आहार, पिल्ले. अकरा ओळी भरल्या; साम्य निघाले नाही.

"आजोबा, लेथ मशीन निवडताय का?" रेवा हसली. "बर्फ पडला की पॉसम अंगाचा गोळा करून महिनोन्‌महिने झोपतो. शेवाळ सुकलं की पानं मुडपून बसतं. पाणी घातलं की जागं!"

मुद्दा निर्विवाद होता. सुकवण्याची जबाबदारी मी घेतली. प्रयोगशाळेत मातीचा नमुना सुकवतात तसे ते ओव्हनमध्ये एकशेपाच अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत सुकवले. संध्याकाळी रेवाने थोड्यावर पाणी शिंपडून पाहिले. दहा मिनिटांत एक पान हलले नाही.

"पोच्चु!" तिच्या तोंडून तमिळच निघाले. "गेलं सगळं! तुम्ही त्याला भाजलंत, आजोबा!"

"वजन मात्र अगदी स्थिर आलं होतं."

"मेल्यावर स्थिरच येणार हो," माझी पत्नी शशिकला म्हणाली. "गेल्या रविवारी तुम्ही गच्चीत घसरलात ना, तेव्हा थोडं मीही खरवडलं होतं. कठड्यावरच्या जुन्या परातीत पडलंय, आठ दिवस उन्हात."

परातीत तपकिरी, कुरकुरीत चुरा होता.

"चिमूटभर भिजवून तपासू या," मी म्हणालो.

"हात लावू नका!" दोघी एकदम ओरडल्या.

सोमवारी मला वर्गाच्या मागच्या बाकावर बसण्याची परवानगी होती, परातीजवळ जाण्याची नव्हती. रेवाने झोपलेल्या पॉसमचे चित्र दाखवले, मग शेवाळावर पाणी शिंपडले. मी घड्याळ लावले. दोन मिनिटे काहीच नाही. तिसऱ्या मिनिटाला पुढच्या बाकावरची मुले उठून उभी राहिली. तपकिरी गोळे उलगडत हिरवे होत होते. बाईंनी विज्ञान मंडळाच्या यादीत रेवाचे नाव तिथेच लिहिले.

घरी येऊन मी तक्त्यात बारावी ओळ भरली. जुळलेले मुद्दे : एक.