टोचन तात्या

मला सगळे टोचन तात्या म्हणायचे, त्याचा मला लई राग यायचा. टोचन म्हंजी काय ते आधी सांगतो. उसाचा ट्रॅक्टर चढाला दमला, की मागचा गडी आपल्या ट्रॉल्या रस्त्याकडंला सोडून मोकळा ट्रॅक्टर पुढं आणतो, साखळी अडकवतो आन् वढून वर काढतो. त्याचं पैसं कोण घेत न्हाय. द्यायला गेलात तर शिवी खाल. ज्याला वढलं त्यानं वर गेल्यावर च्या पाजायचा, एवढीच आमच्याकडची रीत.

पणदऱ्याकडनं कारखान्याला जाताना आमच्या वाटंवर कालव्याचा पूल हाय. चढ तसा बेताचा, पर माझ्या ट्रॅक्टरला तो घाटच व्हता. ट्रॅक्टर वडलांचा. कौसल्या नवरी म्हणून माझ्या दारात आली ती त्याच्याच ट्रॉलीत बसून. ती व्हती तवर रोज किटली भरायची, फडक्यात गुंडाळून टूलबॉक्सात ठिवायची आन् म्हणायची, "आज कुणाच्या नशिबात हाय ह्यो च्या?" ती गेली आन् किटली मी भरायला लागलो. लेक सुप्रिया इंदापूरला दिलीया. फोन करती बिचारी, पर फोनवर माणूस बोलून बोलून किती बोलणार? जेवला का, जेवलो. संपलं.

मला वढायचा जास्त करून ऋषिराज. कऱ्हाटीचा गडी, नवाकोरा ट्रॅक्टर, तोंड एकदम फाटकं. एकदा पुलावर माझाच च्या पिता पिता सगळ्यांदेखत म्हणतो कसा, "तात्या, ह्याला आता दावणीला बांधा आन् पेंड घाला!" सगळे खिदळले. माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हणलं, थांब लेका, दावतो तुला.

हंगाम सरल्यावर ट्रॅक्टर घेऊन बारामतीला गेणू मिस्त्रीच्या शेडात गेलो. म्हणलं, "ह्याला ट्रकचं इंजिन बसव."

"खुळं का काय तात्या?" गेणू म्हणला. "इंजिन वढंल, पर गिअरबॉक्स जुनाच हाय. दमानं हाकाय लागंल."

"हाकतो दमानं. तू बसव."

भंगारात निघालेल्या ट्रकचं इंजिन आणलं. चेसी लांबवली, इंजिन आन् गिअरबॉक्सच्या मधी जाड प्लेट घातली, रेडिएटर पुढं सरकवला. बॉनेट काय केल्या बसंना, ते काढूनच टाकलं. सेल्फ मारला तसं शेडचं पत्रं थरथरलं. मला आभाळ ठेंगणं झालं.

नव्या हंगामात दोन ट्रॉल्या भरून पुलावर घातला. थांबला न्हाय, धापला न्हाय, सरळ वर! मागनं शिट्ट्या पडल्या. ऋषिराज शेजारनं जाताना वरडला, "तात्या, नाद न्हाय करायचा तुमचा!" आन् हात करून निघून गेला. मी मिशीला पीळ दिला.

दुसऱ्या दिशी कोण थांबलं न्हाय. थांबायचं कशाला? तिसऱ्या दिशी मीच पुलाच्या पल्याड बाजूला घेऊन किटली काढली, येईल त्याला हाका मारल्या. "कारखान्यावरचा नंबर जाईल, तात्या!" म्हणत एकेक पुढं गेला. कारखान्याच्या यार्डात बघावं तर जो तो मोबाईलात मुंडी घालून. घरी येऊन किटली बाभळीच्या बुडाला वतायची, असंच चाललं. आज कुणाच्या नशिबात? कुणाच्याच न्हाय गं, कौसल्या.

खरं सांगतो, घरात एकटं असणं मी सोसलं व्हतं. भरल्या रस्त्यावर एकटं असणं लई वंगाळ. एवढा खटाटोप करून मी काय कमावलं? माझ्यासाठी थांबणारी चार माणसं घालवली, दुसरं काय.

मग एक दिस पुलाच्या पायथ्याला आलो आन् माझ्या हातानंच इंजिन बंद केलं. उगा. किटली काढली, मडगार्डावर दोन कप मांडले आन् बसून ऱ्हायलो.

मागनं ऋषिराज आला. "काय झालं, तात्या?"

तोंडातनं निघून गेलं, "डिझेलला हवा धरलीया."

त्यानं आपल्या ट्रॉल्या सोडल्या, साखळी खांद्यावर टाकून आला. पर गडी हुशार. आधी माझ्या सीटवर चढला आन् सेल्फ मारला. इंजिन पयल्या झटक्यात गरजलं. मेल्याहून मेल्यागत झालं मला. आता ह्यो सगळ्या तालुक्यात सांगणार, म्हातारं खोटं बोलतंय.

ऋषिराजनं माझ्याकडं बघितलं. मग मडगार्डावरच्या दोन कपाकडं बघितलं. हसला न्हाय. मागं रांग लागलेली, हॉर्नवर हॉर्न वाजत व्हते. तो मागं वळला आन् ठणाणा वरडला, "ए, दम धरा की जरा! तात्यांस्नी टोचन लावतूय, दिसत न्हाय व्हय?"

"आरं, टोचन तात्या आलं परत!" मागनं कोणतरी बोंबललं आन् रांगभर हशा पिकला.

ज्या नावापायी मी एवढं केलं ते नाव त्या दिशी कानाला ग्वाड लागलं. ऋषिराजनं साखळी अडकवली, आपल्या ट्रॅक्टरवर बसून हळूहळू पुढं निघाला. मी मागं. चढ सुरू झाला, पर साखळी सैल लोंबत व्हती. माझं इंजिनच मला वर नेत व्हतं, त्याची गरज कुठं व्हती! रांगेतल्या लोकांस्नी कळंल म्हणून जीव धाकधूक करायला लागला.

मी रेस कमी केली. आणखी कमी केली. इंजिन घुसमटलं, ट्रॅक्टर जड झाला आन् साखळी ताठ झाली.

वर गेल्यावर च्या गार झाला व्हता. तरी ऋषिराज दोन कप प्याला आन् म्हणला, "उद्या साखर जरा कमी टाका."