चालू ठेवलेलं नाव

आठवड्यातून एकदा ती नवऱ्याचा शर्ट धुऊन दोरीवर वाळत घालत असे. शर्ट मळलेला नसे; तो अंगात घालणारा माणूस वारून दुसरं वर्ष चाललं होतं. पण दोरीवर दादल्याचा कपडा दिसला नाही की शेजारी चौकशा करतात, आणि धाकट्या दिराला चौकशा परवडणाऱ्या नव्हत्या. त्याही सकाळी तिने शर्ट पिळला, बाह्या सरळ केल्या आणि त्याच्याकडे न बघता चिमटे लावले.

नवरा प्लंबर होता, नगरपालिकेचा परवाना असलेला. परगावच्या एका कामावर तापाने गेला आणि तिथेच सगळं उरकलं. परत येतानाच दिराने ठरवलं की ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही. नियम तसा सरळ आहे. परवाना माणसाचा असतो आणि माणसाबरोबर संपतो; दुसऱ्याला हवा असेल तर त्याने परीक्षा द्यावी. दीर त्या परीक्षेत आधीच आपटला होता. मग त्याने बिऱ्हाड हलवलं, भावाची सही गिरवली आणि मुदत संपली की परवाना नवा करून आणू लागला. माणूस समोर उभा करा, असं कचेरीत कोणी म्हणत नाही. धंद्यात याला फसवणूक म्हणत नाहीत, 'नाव चालू ठेवणं' म्हणतात. ऐकायला किती मायेचं वाटतं.

घर त्याच नावावर चालत होतं, म्हणून तीही गप्प राहिली. तिला रडायचीसुद्धा चोरी होती. कोणी विचारायला आलं की "कामावर गेलेत" म्हणायचं आणि दार लोटायचं. हे इतक्यांदा म्हणून झालं होतं की जिन्यात पाऊल वाजलं की ती नकळत उठून उभी राही. सासूचं तर त्याहून वाईट. मुलगा गेल्याचं म्हातारीने ऐकलं होतं, ऊर बडवून घेतला होता. पण सुनेचं उत्तर रोज कानावर पडून पडून तिला तेच खरं वाटू लागलं. घरात माणसं तीन, आणि ती जेवताना चौथं ताट मागायची.

त्या दुपारी एक बाई दारात आली. गावाबाहेरच्या नव्या इमारतीत राहणारी. तिथे घरोघर कावीळ झाली होती, पाणी तपासलं तर त्यात मैला निघाला होता, आणि तिची मुलगी इस्पितळात होती. जिन्याखालच्या पाटीवर प्लंबरचं नाव होतं, त्यावरून पत्ता शोधत ती आली होती.

"भांडायला नाही आले मी," ती म्हणाली. "भिंतीतून पाइप कुठून कसे नेलेत, तेवढं त्यांनी येऊन दाखवावं. कुठे फोडायचं तेच कुणाला कळत नाहीये."

"कामावर गेलेत." तोंडातून निघून गेलं.

"मग बसते मी. येतील ना?"

"येईलच आता," आतून सासू म्हणाली.

आणि बाई बसली. हिने पेलाभर पाणी आणून दिलं. बाईने ते हातात घेतलं, थोडा वेळ पाहिलं आणि ओशाळून खाली ठेवलं. बसल्या बसल्या ती मुलीबद्दल सांगत राहिली. पोरगी फार बोलकी, म्हणे, गप्प बस म्हणून दिवसभर ओरडावं लागायचं. आता ती बोलत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की बाई मान वर करायची. अंगावर काटा यावा अशी गोष्ट म्हणजे, तिच्याबरोबर हीही बघायची आणि सासूही. तीन बायका दाराकडे डोळे लावून मेलेल्या माणसाची वाट बघत होत्या.

संध्याकाळी आला तो दीर. भाऊ परगावी आहे, कधी येईल सांगता येत नाही, असं म्हणून त्याने हात वर केले. खरं तर ते पाइप त्यानेच टाकून घेतले होते. भिंतीतलं वळण न् वळण त्याला ठाऊक होतं, पण दाखवायला जाणं म्हणजे पकडलं जाणं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचा नवरा काम झाल्यावरही सांध्यावर तळहात ठेवून बसायचा. हात कोरडा राहिल्याशिवाय उठायचा नाही, भले घरी जेवण गार होवो. त्या माणसाच्या नावाने आता लोकांच्या घरात मैला जात होता.

"वहिनी, तुम्ही आत जा," दीर म्हणाला.

"पुरे झालं, भाऊजी." ती बाईकडे वळली. "ते वारले. तुमची इमारत उभी राहायच्या आधीच वारले. पाइप ह्यांनी टाकलेत. ह्यांना घेऊन जा."

म्हातारी भिंतीला धरून बाहेर आली. "कधी गेला?" तिने सुनेला विचारलं. "मला कसं कुणी सांगितलं नाही?"

सुनेने तिला जवळ घेतलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली.

दीर बाईबरोबर गेला, जाण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. भिंत फोडली, कच्चा सांधा सापडला, मैल्याचं पाणी बंद झालं. मुलीच्या बाबतीत मात्र उशीर झाला होता. ती गेली.

त्यानंतर ही नगरपालिकेत निघाली. दिराने पाय धरले, खाणार काय म्हणून विचारलं, दादाची आठवण म्हणून तरी नाव राहू द्या म्हणाला. ती थांबली नाही. कचेरीत परवानाधारकांची यादी भिंतीला लावलेली होती. तिने नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं आणि हे खोडा म्हणाली.

कारकुनाला ती ब्याद वाटली. मुदत संपली की नाव आपोआप जाईल, कशाला उकरून काढता, असं तो समजावू लागला.

"आपोआप जात नाही, साहेब. आमच्या घरात राहून बघा."

"असं एकेक खोडायला बसलो ना बाई, तर गावात प्लंबरच उरायचा नाही," तो म्हणाला आणि हसला. रांगेत कोणी हसलं नाही.

वाचकहो, आपल्या घरातलं पाणी कोणाच्या सहीने येतं, हे आपण कधी विचारलं आहे का? त्या भिंतीवर नावं पुष्कळ होती. त्यांतली माणसं किती होती, हे त्या कारकुनाला माहीत होतं, आणि त्याला पगार आपणच देतो.

अखेर त्याने नाव खोडलं. ती निघाली, तेव्हा तिच्या मागे परवाना नवा करायला आलेला एक म्हातारा खिडकीशी सरकला. कागद त्याच्या हातात होते. ते त्याने पुढे केले नाहीत.

"त्याच्या खालचं नाव माझ्या मुलाचं," तो म्हणाला. "तेही खोडा."